भिवंडीचा साग आणि पाइनचा भुंगेरा

कल्याण-भिवंडी हें जोडनांव उच्चारतांच मराठी मनाला आरमाराचें स्मरण होतें. इ. स. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं हा मुलूख आदिलशाहीकडून घेतला, आणि १६५९ च्या सुमारास येथील खाडीकांठीं लढाऊ गलबतें बांधलीं जाऊं लागलीं. कोंकणच्या जहाजबांधणीची मोठी भिस्त सागावर असे. कारण सागाच्या गाभ्यांतील द्रव्यें बहुतेक लाकूडकिड्यांना मानवत नाहींत.

आजची भिवंडी गुदामांची आहे. परदेशच्या मालाच्या पेट्या व त्याखालच्या चौकटी आतां बहुधा पाइनसारख्या स्वस्त, मऊ लाकडाच्या असतात. आणि असल्या लाकडांतून मोनोकॅमस नांवाचा लांब मिशांचा भुंगेरा अळीच्या रूपानें देशोदेशीं प्रवास करूं शकतो.

निरोगी पाइनला जखम झाली कीं राळ पाझरते आणि किडा तींत गुदमरतो. म्हणून या भुंगेऱ्याची मादी वणव्यानें, वादळानें किंवा अवर्षणानें खचलेलें झाड शोधून त्याच्या सालींत अंडीं घालते. अळी आधीं सालीखालचा थर खाते, मग लाकूड पोखरते. अशा रीतीनें मरणोन्मुख वृक्षाची माती करणें, एवढेंच या किड्याचें निसर्गांतील काम होतें.

परंतु उत्तर अमेरिकेंतील एक सूक्ष्म कृमि जपानांत पोंचला. १९०५ सालीं नागासाकीकडे पाइन वाळूं लागल्याचें आढळलें. त्याचें खरें कारण सिद्ध होण्यास १९७१ साल उजाडलें. मेलेल्या झाडांतून निघणारा भुंगेरा हे कृमि शरीरांत घेऊन जातो आणि निरोगी झाडाच्या कोवळ्या डहाळ्या कुरतडतो. त्या जखमांतून कृमि आंत शिरतात, झाडाचें पाणी तुटतें, राळ आटते. आणि अंडीं घालण्यास नवें दुर्बळ झाड तयार होतें! १९९९ मध्यें हा रोग पोर्तुगालांत, म्हणजे युरोपांत प्रथमच, सांपडला.

म्हणूनच २००२ सालीं आंतरराष्ट्रीय नियम ठरला: परदेशीं जाणाऱ्या पेटीचें लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटें तापवावें, किंवा अन्य मान्य उपायानें निर्जंतुक करावें, व त्यावर गव्हाच्या लोंबीचें चिन्ह उमटवावें. सागाला जें कवच निसर्गानेंच दिलें, तें पाइनला मनुष्याच्या दक्षतेनें द्यावें लागतें. गुदामांतल्या फळीवरील त्या लहानशा चिन्हावर दूरदेशींचीं अरण्यें विसंबून आहेत.