अठरापैकी अठरा

माझ्या कपाटात बुटांचं एक खोकं आहे. त्यात बूट नाहीत, कार्डं आहेत. 17 सेंटिमीटर बाय 17 सेंटिमीटरची, मधे काळं वर्तुळ, त्याच्या आसपास दहा भोकं. कोपऱ्यात तारीख आणि बेरीज. शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका छोट्या रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल मारायला जायला लागलो, तेव्हापासूनची सगळी आहेत.

इंजिनिअर माणूस, त्यामुळे बेरजा एक्सेलमध्ये गेल्या आणि त्यांचा ग्राफ झाला. सात महिने तो ग्राफ 82 ते 88 यांच्या मधे लोळत पडला होता. मी नवीन शूज घेतले, श्वासाचं अ‍ॅप घेतलं, कॉफी सोडली. ग्राफ हलेना. शेवटी एका रविवारी सरांनी खोक्यातली दोन कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. दोन्हींवर 85 लिहिलेलं.

"यातलं चांगलं कोणतं?"

"सेमच आहेत की, सर."

पहिल्यावर तीन दहा होते आणि एक पाच. भोकं कार्डभर उधळलेली. दुसऱ्यावर एकही दहा नव्हता, पण सगळी भोकं कटिंगच्या ग्लासाच्या बुडाखाली झाकली गेली असती. फक्त तो ग्लास केंद्राच्या खाली, डावीकडे ठेवलेला. दुसऱ्या कार्डातली चूक साइटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवून सुधारण्यासारखी होती. पहिल्यातली चूक म्हणजे मी. आणि माझ्या एक्सेलमध्ये दोन्ही एकाच उंचीचे ठिपके.

मग डोक्यात किडा शिरला. भोकाला आकडा द्यायचं कुणी आणि कसं ठरवलं? वाचत वाचत मी 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोचलो.

तिथे 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूलची स्पर्धा होती. समोर वर्तुळं नव्हती, माणसाच्या आकाराच्या आकृत्या होत्या. गोळी आकृतीला लागली की हिट, नाही लागली की मिस. खांद्याला लागली काय नि छातीच्या मधोमध लागली काय, मोल एकच. हा हिशेब सैन्याचा. अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असतं ते समोरच्याला थांबवायला, त्याच्या शर्टाचं तिसरं बटण उडवायला नाही.

प्रत्येकाला अठरा गोळ्या होत्या. स्पर्धा संपली तेव्हा आठ जणांचे अठरापैकी अठरा!

आमच्याकडे टेस्ट सूटमध्ये आठच्या आठ बिल्ड हिरव्या आल्या, तर बिल्ड भारी आहेत असं कुणी म्हणत नाही. टेस्टमध्येच काहीतरी राहिलंय असं म्हणतात. पॅरिसमध्ये मोजपट्टी संपली होती. आठ जणांना पुन्हा उभं करावं लागलं, आणि त्या शूट-ऑफमधून अमेरिकन मरीन हेन्री बेली सुवर्णपदक घेऊन गेला. ऐन शूट-ऑफमध्ये त्याच्या पिस्तुलात रिकामं काडतूस अडकलं, ते त्याने डाव्या हाताने उपटून काढलं आणि वेळेत उरलेल्या गोळ्या झाडल्या, असं सांगतात. थरारक आहे. पण यातून नेम कुणाचा चांगला, हे कळतं का? मला तरी नाही वाटत.

1936 च्या बर्लिनमध्येही हिटच मोजले गेले. त्या वेळी हंगेरीच्या सैन्यात कारोय ताकाच नावाचा एक सार्जंट होता. नेम उत्तम, पण हंगेरीच्या संघात फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच जागा, म्हणून तो घरी बसला. पुढे तो नियम उठला. आणि 1938 मध्ये सरावादरम्यान एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातात फुटला. पिस्तूल धरायचा हात तोच.

पुढची गोष्ट मोटिव्हेशनल रील्समुळे तुमच्यापर्यंत पोचली असेल. ताकाचने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि 1939 च्या वसंतात हंगेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 1940 आणि 1944 चं ऑलिंपिक युद्धाने खाल्लं. 1948 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, तो लंडनला उतरला. जगज्जेता होता अर्जेंटिनाचा दियास साएन्स व्हालिएन्ते. तू इथे कशाला आलास, असं त्याने विचारल्यावर ताकाच म्हणाला म्हणे, शिकायला. ताकाचने सुवर्ण घेतलं, विश्वविक्रमासह. 1952 ला हेलसिंकीत पुन्हा.

रील इथे संपते. मला त्यातला आकडा जास्त खेचतो. लंडनमध्ये आकृत्या तशाच होत्या, पण आता त्यांच्यावर गुणांचे पट्टे आले होते. साठ गोळ्या, कमाल 600. ताकाच 580, दियास 571. म्हणजे गोळीमागे सरासरी 9.67 विरुद्ध 9.52. हिट-मिसच्या जुन्या हिशेबात हा फरक बहुधा दिसलाच नसता. पुन्हा बरोबरी, पुन्हा शूट-ऑफ. डावा हात किती शिकला होता हे जगाला दिसलं, ते मोजपट्टीवर बारीक रेघा आल्या म्हणून. जिद्द होतीच, ती कोण नाकारतंय?

गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट दुखायला लागलं. दिवसभर कीबोर्ड आणि वीकेंडला किलोभर वजनाचं पिस्तूल एका हाताने लांब धरायचं, दुसरं काय होणार! डॉक्टरांनी सहा आठवडे पिस्तूल बंद सांगितलं. मी (मनात ताकाच) विचारलं, डाव्या हाताने चालेल का? त्यांनी खांदे उडवले.

पहिलं कार्ड: 41.

हसू आलं, आणि विचित्र म्हणजे बरंही वाटलं. डाव्या हाताकडून कसलीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे मी बेरजेची वाट बघणं सोडलं आणि पहिल्यांदाच सर सांगत होते ते केलं. नजर लक्ष्यावर नाही, फ्रंट साइटवर. जुनी माणसं तिला माशी म्हणतात. माशी स्वच्छ दिसली पाहिजे, मागचं काळं वर्तुळ धूसर राहिलं तरी चालेल.

याचं गणित सोपं आहे, मला सात महिने सुचलं नव्हतं इतकंच. हात अख्खाच्या अख्खा 5 मिलिमीटर सरकला, तर भोकही 5 मिलिमीटरच सरकतं. पण माशी मागच्या खाचेत फक्त 1 मिलिमीटर इकडची तिकडे झाली, तर दोन साइट्समधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर असल्यामुळे दहा मीटरवर भोक 30 मिलिमीटर सरकतं. एअर पिस्तूलच्या कार्डावर एक गुण म्हणजे 8 मिलिमीटर. जवळजवळ चार गुण गेले! मी हात थरथरतो म्हणून शूज बदलत होतो, आणि खरा घोळ ट्रिगर ओढताना बोट माशीला ढकलत होतं तो होता. मग घरी रिकामं पिस्तूल पांढऱ्या भिंतीकडे धरून रोज वीस मिनिटं फक्त ट्रिगर दाबायचो. आई म्हणाली, भिंतीने काय बिघडवलंय तुझं?

तिकडे मोजपट्टी अजून बारीक होत गेली. फायनलमध्ये दशांश आले, सर्वोत्तम गोळी 10.9 ची झाली. कागदाच्या जागी इलेक्ट्रॉनिक टार्गेट आलं. 2024 मध्ये, पुन्हा पॅरिस ऑलिंपिकमध्येच, दहा मीटर एअर पिस्तूलच्या फायनलमधून मनू भाकर बाहेर पडली तेव्हा तिचे 221.7 होते आणि कोरियाच्या किम येजीचे 221.8. रौप्य आणि कांस्य यांच्यात 0.1. कार्डावर मोजलं तर 0.8 मिलिमीटर, तेही बावीस गोळ्यांत मिळून.

गंमत अशी की 25 मीटरवाल्यांनी याच काळात उलटी वाट धरली. 2012 च्या लंडनला रॅपिड फायरच्या फायनलमध्ये पुन्हा हिट-मिस होतं. 9.7 किंवा त्याहून वर गेलं तर हिट, खाली राहिलं तर शून्य. प्रेक्षकाला दशांशांच्या बेरजा कळत नाहीत, हिरवा-लाल दिवा कळतो. विजय कुमारने तिथे चाळीसपैकी 30 हिट्सवर रौप्य घेतलं. या वेळी आकृतीला नुसतं लागून भागत नव्हतं, म्हणून मोजपट्टी लगेच संपली नाही.

पण अधूनमधून संपतेच. 2018 चे एशियन गेम्स, पालेमबांग, महिलांची 25 मीटर पिस्तूल फायनल. इथे हिटची रेघ 10.2 वर. पन्नास गोळ्या झाल्या आणि कोल्हापूरची राही सरनोबत 34, थायलंडची नफास्वान यांगपायबूनही 34. शूट-ऑफ. चार-चार. पुन्हा शूट-ऑफ. तीन-दोन. एशियन गेम्सच्या नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली. ही फायनल यूट्यूबवर बघताना मला त्या चौतीस हिरव्या दिव्यांमागची भोकं बघायची होती. कुठली केंद्रात, कुठली रेघेला जेमतेम चिकटून? स्क्रीनवर नुसता दिवा.

मनगट बरं झालं, पिस्तूल उजव्या हातात परत आलं. एक्सेलमध्ये मी एक कॉलम वाढवलाय: सगळी भोकं मावतील अशा सर्वांत लहान वर्तुळाचा व्यास. कंपास दहावीचाच आहे. गेल्या रविवारचं कार्ड 86, व्यास 44. सरांनी ते हातात घेतलं, बेरीज न बघता साइटचा स्क्रू तीन क्लिक उजवीकडे फिरवला आणि म्हणाले, "मार पुढचं."