पुरानं घडवलेलं बंदर

1341 साली केरळात पेरियार नदीला महापूर आला. मुझिरीसचं जुनं बंदर गाळानं बुजलं आणि कोचीचं तोंड उघडलं, असं मानतात. मग मिरीसाठी अरब आले, पोर्तुगीज आले, डच आले.

आमची बोट तिथं सहाच तास थांबणार होती. वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं ते चर्च झटपट पाहिलं. त्याची हाडं पुढं पोर्तुगालला नेलीच. आम्हाला ओढ होती चेरलाईच्या कोकणी वस्तीची. पोर्तुगीजांच्या जाचामुळं गोवा सोडून आलेली ही माणसं. चारशे वर्षं उलटली, आजूबाजूला सगळी मल्याळम, तरी घरात कोकणीच. आम्हाला वाटतं, ती आयांनीच टिकवली. आमच्यातल्या मालवणच्या ताई तिथल्या एका आजींशी बोलत बसल्या. निम्मं शब्दांनी कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी.