आठांतला एक

आमच्या आगरदांड्याच्या खाडीने लढाया पुष्कळ पाहिल्या. सतराव्या शतकात दंडा-राजपुरीच्या या किनाऱ्यावर मराठे आणि जंजिऱ्याचे सिद्दी वर्षानुवर्षे झुंजले. त्याची हकिगत वाचू जावे, तर ती सापडते बखरींत, मोगल तवारिखांत आणि इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत. प्रत्येकाचा धनी निराळा, म्हणून हकिगतही निराळी. आगरात राबणाऱ्याचे, होडी वल्हवणाऱ्याचे काय झाले, हे लिहिणे कोणाच्याच चाकरीत बसत नव्हते.

धन्याची चाकरी सोडून पाहिले ते लिहिणारा माणूस म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो. असा एक आपल्याच परिसरात जन्मला, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. अँथनी मास्करेन्हस यांचा जन्म 1928 साली बेळगावच्या एका गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. बेळगाव आणि कराची तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होती. ते कराचीत वाढले, फाळणीनंतर पाकिस्तानचे नागरिक झाले आणि तेथील ‘मॉर्निंग न्यूज’ या दैनिकात पत्रकार म्हणून नावारूपास आले.

25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालवर घाला घातला. सर्व काही आलबेल आहे असे जगाला सांगावे, म्हणून एप्रिलमध्ये आठ पत्रकारांना तिकडे फिरवून आणण्यात आले. परतल्यावर सातांनी सांगितले तसे लिहिले. मास्करेन्हस यांची लेखणी मात्र चालेना. गावे जाळणारे आणि माणसे वेचून मारणारे सैनिक त्यांनी जवळून पाहिले होते.

बहीण आजारी असल्याचे निमित्त सांगून मे महिन्यात त्यांनी लंडन गाठले व ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना सारे सांगितले. परंतु पत्नी व पाच मुले कराचीत होती. संशय येऊ नये म्हणून ते परत आले, सांकेतिक तारेच्या आधारे कुटुंबाला रोमकडे रवाना केले आणि स्वतः खुष्कीच्या मार्गाने अफगाणिस्तानात उतरले. 13 जून 1971 रोजी तो वृत्तांत त्यांच्या नावानिशी छापला गेला. ‘वंशसंहार’ अशा अर्थाचा एकच शब्द त्याचा मथळा होता. बंगाली जमावांनी बिगरबंगाल्यांची केलेली कत्तलही त्यांनी त्यात लपविली नाही. या लेखाने आपण हादरलो, असे इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्स यांना सांगितले.

1986 साली ऑलिव्हर स्टोन यांचा ‘साल्वाडोर’ हा चित्रपट आला. एल साल्वाडोरच्या यादवीत शिरलेल्या एका अमेरिकन पत्रकाराची ती कथा. 24 मार्च 1980 रोजी मिस्सा अर्पण करताना ज्यांचा खून झाला, त्या आर्चबिशप रोमेरो यांचे बलिदानही त्यात आहे. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच 1986 साली मास्करेन्हस लंडनमध्ये निवर्तले.

चित्रपटातील पत्रकार परक्या देशात गेला होता. तेथून परतायला त्याला घर होते. मास्करेन्हस यांनी स्वतःच्या देशाच्या लष्कराविरुद्ध साक्ष दिली आणि घर, नोकरी, मायदेश एकदमच सोडला. रोमेरो तर आपल्याच लोकांत राहून, आपल्याच सैनिकांना हत्या थांबवा म्हणून विनवीत गेले. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा आपण लहानपणीच पाठ करतो. खरी साक्ष गिळून गप्प बसणेही त्याच आज्ञेच्या विरुद्ध जाते, हे आठांतल्या या एकाने आम्हांस शिकविले.