पाणी चाखणारा राजा, तळे खोदणारा योगी

वाइनप्रमाणे पाणीही चाखण्याची हौस अलीकडे शहरांतून दिसू लागली आहे. चार स्नेही घरी बोलवायचे, एकसारख्या पेल्यांत चार ठिकाणचे पाणी ओतायचे आणि कोणते कुठले हे केवळ जिभेने ओळखायचे. ही परदेशी टूम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सोलापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या बसवकल्याणचा इतिहास पाहावा.

बाराव्या शतकात कल्याणी या नावाने ही चालुक्यांची राजधानी होती आणि सोलापूरचा मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता. तेथील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. पाच विभाग, प्रत्येकात वीस, असे शंभर विषय त्यात आले आहेत. राजाने काय उपभोगावे, हे सांगणाऱ्या विभागात ‘अन्नभोग’ आहे आणि त्याच्या जोडीला स्वतंत्र ‘पानीयभोग’ही आहे. पावसाचे, नदीचे, विहिरीचे, तळ्याचे असे पाण्याचे प्रकार मानायचे, ऋतू पाहून त्यांतून निवड करायची आणि पाटलीच्या फुलांनी, कापराने ते सुवासिक करायचे, असा हा सारा थाट. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला, म्हणून तो आज सहज वाचता येतो.

सोमेश्वराच्या मागे आयुर्वेदाची जुनी परंपरा उभी होती. आकाशातून पडणाऱ्या पाण्याला अशी कोणतीही चव नसते, असे सुश्रुत सांगतो. चरकाने तर मातीवरून चवीची यादीच दिली आहे: पांढऱ्या मातीत तुरट, फिक्या पिवळसर मातीत कडू, क्षारपड जमिनीत खारट आणि काळ्या मातीत गोड. दिवसा सूर्याने तापलेल्या, रात्री चंद्राने निवलेल्या शरदातील निर्मळ पाण्याला ‘हंसोदक’ असे नाव आहे. गढूळ पाणी निवळण्यासाठी निर्मळीचे बी वापरावे, हेही या ग्रंथांना ठाऊक आहे. रसायनशास्त्राच्या कसोटीवर ही यादी जशीच्या तशी टिकणार नाही. पण जमीन पाण्याला चव देते, हे तिचे मूळ निरीक्षण खोटे नाही.

सोलापूरच्या बोलीत याची साक्ष मिळते. गोडे, खारे, सवळ, मचूळ, जड असे पाण्याचे शब्द येथे घरोघरी आहेत, आणि डाळ शिजते की नाही ही त्यांची कसोटी. काळ्या मातीखालच्या बसाल्ट खडकात पाणी जितके अधिक काळ मुरते, तितके त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून खोल बोअरचे पाणी बहुधा जड लागते. चरकाची काळी माती आणि आजची बोअर यांचे म्हणूनच फारसे जमत नाही!

ही परंपरा घरी अजमावून पाहायची असेल, तर नळाला आलेले उजनीचे पाणी, बोअरचे, गच्चीवर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे आणि शुद्धीकरण यंत्रातले, असे चार पेले पुरेत. पेल्यांखाली क्रमांक लिहावेत. सर्व पाणी एकाच तापमानाचे असावे, कारण थंडपणा चव लपवतो. आधी पावसाचे, शेवटी बोअरचे चाखावे. ज्या पाण्याची खात्री नाही ते उकळून घेणे आवश्यक. मात्र उकळल्याने त्यातली हवा जाते आणि पाणी बेचव होते, म्हणून निवल्यावर ते दोन भांड्यांत वरखाली ओतावे. एका लिटरात विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. ‘दुसरा स्रोतच नसेल तर’ हे शब्द मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

कारण सोमेश्वराच्याच शतकात, त्याच्या राजधानीपासून काही दिवसांच्या पायवाटेवर, सोन्नलिगे नावाच्या गावात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदवले. सोन्नलिगे म्हणजेच सोलापूर. शरण परंपरेतील कथेनुसार अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी खोदकाम करणाऱ्यांना विचारले, ‘तुमचा तो वड्ड सिद्धराम कुठे आहे?’ वड्ड म्हणजे माती-दगड फोडणारा, आपल्याकडचा वडार. आपल्या गुरूचा हा उपमर्द ऐकून कामकरी दगड घेऊन धावले, असे कथा सांगते. कथेचा रोख सिद्धरामांना कर्मापासून ज्ञानाकडे नेण्याचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तीत वेगळेच मोल दिसते: पानीयभोगात जे येत नाहीत, ते खोदणारे हात येथे कथेच्या मध्यभागी आले आहेत. राजाने उत्तम पाणी निवडले. सोन्नलिगेच्या लोकांनी पाणी साठवण्याची सोय केली.

पुढे ब्रिटिश अमदानीत, १८७१ मध्ये शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर एकरूख तलाव पुरा झाला. सोलापूरकर त्याला हिप्परगा तलाव म्हणतात. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला.

तलाव बांधला की पाणी सर्वांचे झाले, असे मात्र घडले नाही. लोकांच्या तोंडी ज्याचे नावच रुचकर पाण्यावरून आहे, ते चवदार तळे कोकणात, महाडला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुलेही केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागे हजारोंनी ते पाणी ओंजळीने प्यायले. त्यावर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली आणि न्यायालयात दावा लावला. तळे पुरातन रूढीने केवळ स्पृश्यांचे, असा त्यांचा दावा होता. ती रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा १७ मार्च १९३७ ही तारीख उजाडली होती. त्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.