तट गेला, नाव राहिले

परगावचा पाहुणा मुंबईस प्रथमच आला, म्हणजे पहिल्या दिवसाचा त्याचा फेरा बहुधा ठरलेला असतो. कोणे एके काळी हा फेरा व्हिक्टोरियातून होत असे, पुढे ट्रामच्या वरच्या मजल्यावरून झाला. १९६४ साली ट्राम बंद झाली आणि बस व मोटार तेवढ्या राहिल्या. वाहने बदलली, पण स्थळे बदलली नाहीत. बोरीबंदरचे स्थानक, राजाबाई टॉवर, गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, आणि दिवस कलताना चौपाटी. एवढे पाहिले की मुंबई पाहिली, असे यजमानही मानतो आणि पाहुणाही.

श्रोतेहो, या इमारती पाहण्याजोग्या आहेत यात संशय नाही. परंतु त्यांची वये ध्यानात घ्या. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ साली, बोरीबंदरचे स्थानक उभे राहिले १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत आणि गेटवेचे उद्घाटन झाले १९२४ साली. त्यापूर्वीची मुंबई कोठे गेली? तिचा पत्ता फेऱ्यात मागून चालणारे एखादे चौकस पोरच विचारते. “मामा, चर्चगेट म्हणता, तर गेट कुठे आहे? फोर्टात किल्ला का दिसत नाही? धोबी तलावात पाणी कसे नाही?” मामा हसून म्हणतात, “अरे, ती नुसती नावे आहेत!” माझे म्हणणे असे की, त्या दिवसातील खरा इतिहास या प्रश्नांतच आहे, आणि मामांचे हसणे हे काही त्याचे उत्तर नव्हे.

प्रथम किल्ल्याचेच पाहू. कंपनी सरकारने बांधलेला शहराचा तट अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुरा झाला. त्याला जमिनीच्या बाजूने तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. सेंट थॉमसच्या देवळाकडे जाणारा तो चर्चगेट. आज जेथे हुतात्मा चौकातील फ्लोराचे कारंजे आहे, त्याच्या आसपास हा दरवाजा होता. त्याच्या नावाचे स्थानक मात्र तेथून बरेच पश्चिमेस आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईचे व्यापारी धास्तावले आणि तटाभोवती खंदक खणण्यासाठी त्यांनी तीस हजार रुपये वर्गणी जमविली. मराठ्यांच्या भयाने खणलेला हा खंदक पुढे व्यापारवृद्धीनेच बुजविला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात येथील कापसाला सोन्याचे मोल आले, वस्ती तटात मावेनाशी झाली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. पाहुणा ज्या इमारतींकडे मान वर करून पाहतो, त्यांपैकी काही या मोकळ्या झालेल्या भागात उभ्या राहिल्या.

दुसरे नाव पायधुणी. आज तेथील दाटीत पाय ठेवावयास जागा मिळणे कठीण. परंतु वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी बेटांच्या पोटात शिरत असे, तेव्हा चिखल तुडवीत आलेली माणसे येथे पाय धूत, अशी या नावाची परंपरागत कथा आहे. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या वेळी बांध घालून १७८४ च्या सुमारास ते खिंडार बंद झाले. ओहोटी-भरती गेली; पाय धुण्याची आठवण तेवढी राहिली.

तिसरे नाव धोबी तलाव. नळापूर्वीची मुंबई विहिरी व तळी यांवर जगे. १८३१ साली फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांनी पदरचे पुष्कळ द्रव्य खर्चून या तळ्यात पाणी आणविले. १८६० साली विहारचे पाणी नळाने आले, पुढे हिवतापाच्या भयाने तळी बुजविण्यात आली, आणि ज्याने शहराची तहान भागविली ते तळे रस्त्याखाली गेले.

हे सारे जुन्या काळचे झाले असे कोणी समजू नये. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, आणि परळ-लालबागच्या परिसरास पुढे गिरणगाव हे नाव पडले. कोकण आणि घाट यांवरील किती घरांची चूल त्या भोंग्यावर पेटली, हे श्रोत्यांपैकी अनेकांना घरच्याच आठवणींतून ठाऊक असेल. १९८२ साली सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या जागी उंच मनोरे व दुकाने आली. आता तेथून जाणारे पोर विचारू लागले आहे, “मामा, गिरणगावात गिरणी कुठे आहे?”

तटाचा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर देणारे दिवंगत झाले होते. गिरणीच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी माणसे अजून चाळीच्या गॅलरीत बसलेली आहेत. तेव्हा पुढचा पाहुणा आला म्हणजे त्यास राजाबाई टॉवर अवश्य दाखवावा. पण या नावांपाशीही क्षणभर थांबावे, आणि गिरणगावात त्याची गाठ अशा एखाद्या वृद्धाशी घालून द्यावी. वस्तू गेली तरी नाव तिची वाट दाखविते. परंतु नावाचा अर्थ सांगणारा गेला, म्हणजे ते नाव पाटीवरची नुसती अक्षरे होऊन राहते.