कॅम्परव्हॅनमध्ये गॅस सिलिंडर न्यायचाय? घरातला उचलण्याआधी हे वाचा

कर्वेनगरातून निघालं की थोड्याच वेळात वारजे, आणि तिथून बंगळुरू हायवे. पुढे सातारा, कोल्हापूर, गोवा. त्यामुळे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागे गादी टाकायची, कोपऱ्यात छोटा ओटा करायचा आणि हॉटेल बुक न करता फिरायचं, ही आयडिया आता बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

पण होतं काय, की गादी, पडदे आणि फॅन यांच्यावर महिनाभर चर्चा होते आणि सिलिंडरचा विचार निघायच्या आदल्या रात्री होतो. मग घरातलाच लाल सिलिंडर गाडीत चढतो. इथेच चुकतं.

एवढं घाबरायचं कारण काय?

२६ ऑगस्ट २०२३ ची पहाट. तमिळनाडूतल्या मदुराई स्टेशनजवळ पर्यटकांचा एक खासगी रेल्वे डबा उभा होता. लखनऊहून आलेल्या या प्रवाशांच्या डब्यात गॅस सिलिंडर होता. रेल्वेत तो न्यायला बंदी आहे, तरी नेला होता. डब्याला आग लागली आणि ९ जणांचा जीव गेला. डबा धावत नव्हता, जागेवर उभा होता.

बंद जागेत एलपीजी एवढा धोकादायक का ठरतो, हे साध्या हिशोबात समजतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो वर न जाता तळाशी साचतो. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. गाडीच्या आतली जागा १० घनमीटर धरली, तर त्यासाठी अर्ध्या किलोपेक्षाही कमी गॅस लागतो. तळाशी साचल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी पुरतो.

मग कोणता सिलिंडर घ्यायचा?

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर: हा नको. घरगुती जोडणी ही नोंदवलेल्या पत्त्यावरच्या स्वयंपाकासाठी असते. शिवाय भरलेल्या सिलिंडरचं वजन ३० किलोच्या आसपास जातं. जोरात ब्रेक लागला तर तेवढं वजन गाडीत कुठे आदळेल, याचा विचार करा.

५ किलोचा सिलिंडर: दोन-चार जणांच्या ट्रिपसाठी हाच सोयीचा. याला 'फ्री ट्रेड एलपीजी' म्हणतात. २०१३ मध्ये ही योजना सुरू झाली. इंडेनचा 'छोटू' आणि एचपीचा 'अप्पू' ही त्यातलीच नावं. गॅस कनेक्शन किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर तो मिळतो. सबसिडी नसते, म्हणून किलोमागे महाग पडतो.

१० किलोचा कंपोझिट सिलिंडर: फायबरचा, स्टीलपेक्षा बराच हलका, गंजत नाही आणि आत किती गॅस उरला ते बाहेरून दिसतं. पण त्यासाठी कनेक्शन घ्यावं लागतं. आठवडाभराच्या ट्रिपला एवढा गॅस लागतही नाही.

बाजारातला दोन-तीन किलोचा, वर थेट बर्नर बसवलेला सिलिंडर: कर्वेनगरसारख्या विद्यार्थ्यांच्या भागात हा ओळखीचा आहे. स्वस्त पडतो, पण तो बहुतेक वेळा मोठ्या सिलिंडरमधून पाइप लावून भरून दिला जातो. हे बेकायदा आहे आणि धोकादायकही. कंपनीत सिलिंडर भरताना वर थोडी जागा रिकामी ठेवतात, कारण उन्हात आतला द्रव प्रसरण पावतो. दुकानात अंदाजाने भरताना ती जागा राहील याची खात्री नसते. आणि तुमची गाडी तर दिवसभर उन्हातच उभी राहणार.

५ किलो किती दिवस पुरेल?

साधारण २ किलोवॅटचा बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. म्हणजे ५ किलोत तीसेक तास. रोज चहा, पोहे, खिचडी धरून दोन तास शेगडी चालली तरी पंधरा दिवस निघतात.

परदेशी व्हिडिओंमध्ये 'ब्युटेन घ्यायचा की प्रोपेन' यावर मोठी चर्चा असते. आपल्या सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे महाराष्ट्रात फिरताना हा प्रश्न येत नाही. पण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. स्पिती किंवा लडाखच्या थंडीत ज्योत मंदावली तर कारण हेच. तेव्हा सिलिंडर आगीजवळ ठेवून गरम करायला जाऊ नका.

घेताना काय बघायचं?

- वरच्या कड्याच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही गॅसची एक्स्पायरी नाही, सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत द्या.
- रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं. त्यात ५ मिळवा आणि दुकानातच वजन करून घ्या.
- सील, आतला रबर वायसर आणि पाइपवरचा आयएसआय मार्क तपासा.

गाडीत कुठे ठेवायचा?

सिलिंडर नेहमी उभा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे येतो. झोपायच्या जागेपासून वेगळा, बंद कप्पा करा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं ठेवा. गॅस खाली जातो, म्हणून वाटही खालीच हवी. पट्ट्याने घट्ट बांधा. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावा.

गळती तपासायची तर साबणाचं पाणी लावा, काडी ओढून कधीच नाही. शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवा. रात्री ऊब हवी म्हणून शेगडी चालू ठेवून झोपू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

वास आला तर शेगडी पेटली असल्यास बंद करा, रेग्युलेटर काढा, दारं उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. लाइट, फॅन, इंजिन कशालाच हात लावू नका. लांब गेल्यावर १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठीची ही हेल्पलाइन २४ तास सुरू असते.

नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि ज्यांच्यासोबत ट्रिपला जाणार आहात त्यांनाही पाठवा.