बालसंगोपन रजा
बालसंगोपन रजा ही भारतातील शासकीय कर्मचाऱ्यांना अपत्याच्या देखभालीसाठी मिळणारी सवेतन रजा आहे. प्रसूती रजा बाळंतपणाच्या काळापुरती असते. बालसंगोपन रजा मात्र मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आजारपण, परीक्षा इत्यादी कारणांसाठी घेता येते.

केंद्रीय कर्मचारी
सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर १ सप्टेंबर २००८ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ही रजा लागू झाली. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ४३-क मध्ये तिची तरतूद आहे. हयात असलेल्या पहिल्या दोन अपत्यांसाठी संपूर्ण सेवाकाळात कमाल ७३० दिवस रजा मिळते. ती कर्मचाऱ्याच्या रजा खात्यातून वजा होत नाही.

सातव्या वेतन आयोगानंतर २०१८ मध्ये एकल पुरुष पालकांचाही, म्हणजे अविवाहित, विधुर व घटस्फोटित पित्यांचा, समावेश झाला. त्याच वेळी पहिल्या ३६५ दिवसांसाठी पूर्ण आणि पुढील ३६५ दिवसांसाठी ८० टक्के वेतन देण्याचे ठरले. इतर पित्यांना ही रजा मिळत नाही. त्यांच्यासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे.

महाराष्ट्र
राज्यांचे सेवानियम स्वतंत्र असल्याने ही रजा सर्वत्र सारखी नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे.

न्यायालयीन निर्णय
रजेसाठी पूर्वमंजुरी आवश्यक असून ती हक्क म्हणून मागता येत नाही, अशी प्रशासनाची भूमिका असल्याने अनेक वाद न्यायालयात गेले. अंदमान-निकोबार प्रशासनातील एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ७३० दिवसांची रजा सलगही घेता येते, असा निर्णय दिला.

हिमाचल प्रदेशाने नियम ४३-क स्वीकारला नव्हता. दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या मुलाच्या उपचारांत सर्व रजा संपलेल्या तेथील एका सहायक प्राध्यापिकेला त्यामुळे ही रजा नाकारण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतील स्त्रियांचा सहभाग ही सवलत नसून राज्यघटनेच्या कलम १५ ने संरक्षित केलेला हक्क आहे, असे नमूद केले. अपंग मुलांच्या मातांना ही रजा देण्याबाबत समिती नेमून विचार करण्याचे निर्देशही राज्याला देण्यात आले.